सातव्या पानावरचे वाक्य

तारा,

परवा देवळात श्रावणाची पोथी पुन्हा सुरू केली. तुझ्या जाण्याने खंडलेला नेम तुझे बारावे उलटल्यावर पुन्हा धरावा, असे मंडळींचे म्हणणे पडले. अध्याय संपला, मी पोथी फडक्यात बांधली, आरती झाली, तीर्थ वाटून झाले, तरी बायका उठेनात. सभामंडपाच्या पायरीपाशी पूर्वीसारख्या गोळा होऊन बसल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. मला क्षणभर उमगले नाही. मग ध्यानात आले, की अध्यायात काय सांगितले हे कोणी तरी सांगेल म्हणून त्या थांबल्या होत्या. वीस वर्षे ते काम तू केलेस. खाटेवर पडलीस तरी पोथीनंतर त्या अर्थ विचारायला तुझ्याकडेच येत. मी समोर उभा होतो, पोथी माझ्या हातात होती, आणि मला विचारावे असे त्यांतल्या एकीच्याही मनात आले नाही. थोड्या वेळाने त्या उठून गेल्या.

त्याच रात्री हे लिहायला बसणार होतो. आज सकाळची पूजा आटोपून बसलो आहे. तुझ्या गुणांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे आणि ते सर्व खरे आहे. मला लिहायचे आहे ते एका वाक्याविषयी. ते वाक्य मी तुला वाचून दाखवले, तुला ते समजले नाही, आणि त्यामुळे आधी तुझे पाय गेले, मग तू गेलीस.

आपली ओळख तशी विजोड. मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला, स्नानसंध्येत आणि पोथ्यांत दिवस घालवणारा माणूस. तू डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मिठबावच्या किनाऱ्यापासून आतल्या वाड्यांपर्यंत चालणारी. आमच्या घरी मासळी शिजत नाही, तेव्हा माझ्या दाराशी येण्याचे तुला काहीच कारण नव्हते. तरी तू येत असस. पाटी कुंपणाबाहेर भेंडीच्या झाडाच्या सावलीत ठेवून, हातपाय धुऊन, खळ्याच्या कडेला उभी राहून आदल्या दिवशीच्या अध्यायातली अडलेली गोष्ट विचारीत असस. पाटी बाहेर ठेव, असे मी तुला कधी म्हटले नाही. आत आण, असेही म्हटले नाही. त्या न म्हणण्याला मी इतकी वर्षे सौजन्य समजत आलो.

एकदा मी वैराग्यावर तासभर बोललो. चार प्रकार सांगितले, प्रत्येकाला वचनांचा आधार दिला. उपरणे सावरून निघालो तर पायरीवर तुझा आवाज. तू बायकांना सांगत होतीस, "वैराग्य म्हणजे काय गो, बाजारात जावचां, सगळां बघूचां, आनी पाटयेत काय एक न घालता घराक येवचां." बायका हसल्या. मला राग आला. घरी गेल्यावर मात्र मी तुझी व्याख्या माझ्या चार प्रकारांशी ताडून पाहिली. तिच्यात उणे असे काही सापडले नाही. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. स्तुतीने शिष्य बिघडतो, असे मला शिकवलेले होते.

आणि तू शिष्या तरी कुठे होतीस? तू तर वाद घालीत असस. "गुरुजी, तुमचां बोलणां देवाक समाजता. आमका कोणी सांगूचां?" हे तुझे पालुपद होते. मी म्हणे, शब्द खाली उतरवला की अर्थही खाली उतरतो, म्हणून ऐकणाऱ्यानेच चार पायऱ्या वर यावे. त्यावर तू विचारलेस, की डोक्यावर ओझे असलेल्या बाईने पायऱ्या चढायच्या कशा. मी म्हणालो, ओझे खाली ठेवून. तू म्हणालीस, मग मासळी कुत्री खातील. असा तो वाद प्रत्येक चातुर्मासात नव्याने निघे आणि कधी मिटत नसे. मिटावा अशी आपल्यापैकी कोणाचीही इच्छा नव्हती.

या सगळ्यातून माझी एक समजूत झाली, आणि ती घातक ठरली. माझे बोलणे सर्व गावाला तू समजावून सांगतेस, म्हणजे ते तुला स्वतःला समजतेच, असे मी धरून चाललो. विद्यार्थ्याला उलट प्रश्न विचारून तपासावे, हे मी चौतीस वर्षे शाळेत करीत आलो होतो. तुला एकदाही तपासले नाही.

पाठीचे दुखणे तू दोन वर्षे अंगावर काढलेस. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायात टाचेपर्यंत जाते, असे तू सांगत असस आणि लगेच पाटी उचलून चालू लागत असस. त्या महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या रांगेतून तू बाहेर पडलीस आणि वाळूत बसून राहिलीस. इथूनच कळस दिसतो, देवालाही मी दिसत असेन, असे मला हसून म्हणालीस. तुझे हसणे मी खरे मानले. मग आषाढात उमेश, तुझा मुंबईत कारकुनी करणारा मुलगा, रजा काढून आला आणि तुला कोल्हापूरला मणक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या दाराबाहेर माणसे उभी राहायलाही जागा नव्हती, असे उमेश सांगत होता. त्यांनी चित्र दाखवून सांगितले, की कमरेच्या दोन मणक्यांमधली चकती सरकून पायाच्या नसेवर दाबते आहे. शस्त्रक्रिया करून घेतलेली बरी, पण आज-उद्याची घाई नाही, विचार करून कळवा. तू विचारलेस, धोका किती? ते म्हणाले, भिऊ नका, मुलगा शिकलेला आहे, हल्ली इंटरनेटवर सगळी माहिती मिळते, त्याला वाचायला सांगा. इतके बोलून त्यांनी पुढचा रुग्ण आत बोलावला. त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. माहिती मिळत होतीच.

उमेशने मुंबईत सायबर कॅफेत बसून ती शोधली, छापून घेतली, आणि गणपतीला येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली. एकवीस पाने होती. पहिल्याच पानावर ठळक इंग्रजीत 'रुग्णांसाठी माहिती' असे छापलेले होते. उमेशने ती दोनदा वाचली आणि मग ओशाळून माझ्याकडे आला. हे इंग्रजी आपल्या कचेरीतले नाही, गुरुजी, तुम्हीच काय ते बघा, असे म्हणून पिशवी माझ्यापुढे ठेवली. त्याच्या मागे तू उभी होतीस. गुरुजींना काय अवघड, असे तूच त्याला म्हणालीस.

तारा, मी आयुष्यात क्लिष्ट ग्रंथ पुष्कळ वाचले. त्यांच्या कर्त्यांनी ते सर्वांसाठी लिहिले आहेत असा दावा केलेला नव्हता. अधिकारी कोण, हे ते आरंभीच सांगतात. या पानांनी मात्र वर रुग्णाचे नाव घेतले होते आणि खाली एक शब्दही त्याच्याशी बोललेला नव्हता. चार-चार ओळींचे एक वाक्य. वाक्यागणिक दोन-तीन शब्द असे, की माझ्या कपाटातल्या जाड कोशातही त्यांचा पत्ता लागेना. ज्या गोष्टी क्वचित घडतात आणि ज्या घडताच धावत सुटावे, त्या एकाच ठशात, एकाच ओळीत, एकामागून एक मांडलेल्या. आणि दर दोन पानांनंतर एक उपदेश, की आपल्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणत होते पाने वाचा, पाने म्हणत होती डॉक्टरांना विचारा. तू या दोघांच्या मधल्या रस्त्यावर पाठ धरून उभी होतीस. त्या रस्त्यावर तुला भेटलेला तिसरा माणूस म्हणजे मी.

मी अकरा दिवस घेतले. पूजेनंतर बसे तो दिवेलागणीपर्यंत. आधी पेन्सिलीने कच्चे लिहिले, मग नव्या वहीत शाईने उतरवले. मणका म्हणण्याऐवजी कशेरुका लिहिले, नसेला नाडी, दाबाला संपीडन. आयुर्वेदातले जुने शब्द आठवून आठवून बसवले. जिथे नव्हते तिथे नवे घडवले. खरे सांगायचे तर त्या अकरा दिवसांत मला फार आनंद झाला. निवृत्तीनंतर इतक्या निगुतीने मी काही केले नव्हते. वही पुरी झाली तेव्हा मी ती देवापुढे ठेवली आणि गंध लावले. तुझ्या पाठीचे दुखणे तितका वेळ मी विसरलोही असेन.

नवरात्र उलटल्यावर एका दुपारी तुझ्या घरी वाचन ठरले. मी आयुष्यात प्रथमच तुझ्या पडवीत आलो. तू माझ्यासाठी नवा पाट मागून आणला होतास, शेजारी उदबत्ती लावली होती. तुझी सून शैला दारात बसली, तुझा दीर भिकाजी खांबाला टेकून, आणि वाडीतल्या सात-आठ बायका, पोथीला बसतात तशा. तू भिंतीला पाठ लावून, डावा पाय पसरून बसलीस. मी वहीला नमस्कार केला आणि वाचू लागलो. तू मान डोलवीत होतीस. तुझी मान डोलते हे पाहून बायकाही डोलवू लागल्या. माझ्या वाचनाला नेहमीचा स्वर चढला.

सातव्या पानावर एक वाक्य होते. माझ्या वहीत ते असे आहे: 'पर्याणप्रदेशी संवेदनाहानी, तसेच मलमूत्रनिग्रहाचा लोप, ही अश्वपुच्छाख्य नाडीसमूहाच्या संपीडनाची लक्षणे होत, ती प्रादुर्भूत होताच आत्ययिक शल्यकर्म विधेय होय.'

हे वाचणाऱ्या इतर कोणाची पंचाईत होऊ नये म्हणून त्याचा अर्थ इथे साध्या शब्दांत लिहितो. कमरेच्या खाली नसांचा एक झुबका असतो. डॉक्टर त्याला घोड्याच्या शेपटाचे नाव देतात. त्यावर दाब आला, तर घोड्यावर खोगीर टाकून बसताना अंगाचा जेवढा भाग खोगिराला टेकतो तेवढा बधिर होतो. म्हणजे बसायची जागा, गुह्यांग आणि मांड्यांची आतली बाजू. लघवी अडते, किंवा झालेली कळत नाही, शौचाचेही तसेच. असे काही दिसले तर उद्याची वाट पाहायची नाही. मिळेल ती गाडी करून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे, कारण उशीर झाला तर पाय आणि लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. एकवीस पानांत तुझ्या कामाचे एवढेच होते.

मी अश्वपुच्छ म्हणालो आणि भिकाजीने विचारले, म्हणजे काय? घोड्याचे शेपूट, मी म्हणालो. पर्याण म्हणजे? घोड्याचे खोगीर. तुझे डोळे चमकले. तू म्हणालीस, "गुरुजी, आमच्या सात पिढ्येत कोण घोड्यार बसूक नाय. ह्यो घोडो माझ्या पाठीत खंयसून इलो?"

सगळी पडवी हसली. शैला पदर तोंडावर धरून हसली. भिकाजी म्हणाला, वयनी, घोडो नसतलो, म्हस आसतली, तुका काय समाजता. आणि पुन्हा हशा उसळला. मीही हसायला हवे होते. हसून म्हणायला हवे होते, की तारा, थांब, या घोड्याचे नीट ऐक. पण माझ्या अकरा दिवसांच्या तपावर कोणी हसावे, हे मला सोसले नाही. हशा ओसरेपर्यंत मी वहीतल्या ओळीवर बोट धरून ठेवले, आणि मग पुढचे वाक्य वाचले. शेवटी विचारले, समजले ना? तू हात जोडलेस. म्हणालीस, सगळे समजले, गुरुजींनी किती सोपे करून सांगितले. बायकांनीही हात जोडले. तू वही मागून घेतलीस आणि देव्हाऱ्यात ठेवलीस.

शस्त्रक्रियेचा निर्णय तू कार्तिकानंतर करायचे ठरवलेस. तोवर मासळीचे दिवस होते.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी चार दिवस शैला सकाळीच माझ्या अंगणात आली. हातात नारळ. तिचा चेहरा उजळलेला होता. "आयेक बरां वाटता, गुरुजी. पायातली कळ गेली. देवाक नारळ ठेवूक सांगल्यान." मला अतिशय समाधान वाटले. मी सोवळ्याने देवळात गेलो, तुझ्या नावाने नारळ ठेवला, आवर्तन केले आणि मनोभावे आभार मानले. आभार कशाचे मानत होतो? तुझी कळ गेली होती, कारण तुझे अंग बधिर होऊ लागले होते. मासळी कापायच्या पाटावर आपण बसलो आहोत की नाही, हे तुला त्या दिवशी हात लावून पाहावे लागले होते. हे तूच मला पुढे सांगितलेस. तुला ते दुखणे सरल्याचे लक्षण वाटले. दुसऱ्या दिवशी लघवी अडली. तू कोणाला बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी लुगडे भिजलेले तुला कळले नाही. तू ते गुपचूप धुऊन वाळत घातलेस. पाचव्या दिवशी सकाळी तुझे पाय तुझ्याखाली उभे राहिले नाहीत.

भिकाजीने जीप आणली. मी मागच्या आसनावर तुझ्या उशाशी बसून कोल्हापूरपर्यंत स्तोत्रे म्हणत होतो. त्याच डॉक्टरांनी तुला तपासले. बसायची जागा कधीपासून बधिर आहे, लघवी कधीपासून कळत नाही, हे त्यांनी अगदी साधे, दोन ओळींत विचारले, आणि तू लगेच उत्तर दिलेस. इतके सोपे होते ते, तारा. दिवस ऐकून त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. मग तेव्हाच का आला नाहीत, तुम्हाला कोणी सांगितले नव्हते का, असे त्यांनी विचारले. तू पडल्या पडल्या माझ्याकडे पाहिलेस आणि त्यांना म्हणालीस, "गुरुजींनी वाचून दाखयलेल्यानी. मीच हसत बसलंय."

त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. चकतीचा तुकडा काढला. पाय आले नाहीत.

पुढची पावणेतीन वर्षे मी लिहिणार नाही. ती शैलाने भोगली आहेत. त्यांवर तिचा हक्क आहे. लघवीची नळी, कूस बदलणे, पाठीवरच्या जखमा धुणे, वारंवार येणारा ताप. उमेश पैसे पाठवी आणि फोनवर रडे. मी आठवड्यातून एकदा यायचो, खाटेशेजारी बसून चार श्लोक म्हणायचो आणि उठायचो. तुला बरे वाटते म्हणून मी येतो, असे सगळे म्हणत.

एकदा तुला झोप लागली होती. शैला पाण्याचे भांडे घेऊन बाहेर पडवीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. ती मुलगी माझ्याशी मान वर करून कधी बोललेली नाही. त्या दिवशी ती हळूच म्हणाली, "गुरुजी, तुमका लाज वाटली तर माका सांगूचां होतां. माका कसली लाज? मी तिका रोज इचारलां असतां." तिने भांडे माडाच्या मुळाशी ओतले आणि आत गेली.

तिला कसे कळले, की मला लाज वाटली होती? तुला तर ते कधीच कळले नाही.

आता ज्यासाठी बसलो, तिथे येतो. गेल्या माघात एका दुपारी तुझा ताप उतरला होता आणि तू बोलण्याच्या लहरीत होतीस. मी विचारले नसताही तू मला सांगितलेस, की त्या वाचनातले तुला काहीही समजले नव्हते. पहिल्या पानापासून नाही. मग मान का डोलवलीस, मी विचारले. तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "बायका माझ्या तोंडाकडे बघीत होती. गुरुजींचां बोलणां माका समाजता, म्हणान तर ती माका विचारतत. त्येंच्यासमोर मी कशी सांगतलंय, माका समाजला नाय म्हणान?"

आयुष्यात तुझ्यापाशी मिरवण्यासारखे तेवढेच होते, तारा. ते तू राखलेस. आणि इतके कबूल करून झाल्यावर, जणू अपराध तुझाच, तू माझे सांत्वन करू लागलीस. "तोंड कित्याक पाडतास, गुरुजी? इंग्लीश तां. तुमका तरी कसां समाजतलां? अकरा दिवस माझ्यासाठी डोळे फोडलास, तां काय कमी आसा?"

तुझी समजूत अशी होती, की त्या पानांपुढे आपण दोघेही सारखेच अडाणी होतो. अवघड इंग्रजी मला लागले नाही, म्हणून मी जसे होते तसे संस्कृतात घालून तुझ्यापुढे ठेवले, आणि तू हसलीस. कोणाचाच दोष नाही. इतक्या मोठ्या मनाने तू ती वाटणी केलीस, की ती मोडायला माझी जीभ उचलेना. मी मान खाली घातली. तू ती मान नम्रतेची समजलीस.

नंतर मी सात वेळा तरी ठरवून आलो. शेवटचा आलो तो तुझ्या जाण्याआधी आठ दिवस. तू डोळे मिटून होतीस, पण जागी होतीस. माझी चाहूल लागताच पाट पुढे करायला शैलाला हाक मारलीस. मी म्हणालो, तारा, मला तुला एक सांगायचे आहे. तू डोळे उघडलेस. तेवढ्यात शैला चादर बदलायला आली, आणि ते पाहणे योग्य नव्हे म्हणून मी उठून बाहेर गेलो. बाहेर उभा राहिलो, मग अंगणात, मग रस्त्यावर. आत परत आलो नाही. घरी जाऊन मी स्नान केले.

ते सांगायचे आता सांगतो. तुझ्याखेरीज ते कोणाला सांगण्यात अर्थ नव्हता, आणि आता तुला सांगण्यातही उरलेला नाही. पण ज्या गोष्टीची तू मला क्षमा करून गेलीस ती मी केलेली नाही, आणि अशी क्षमा जवळ बाळगून देवापुढे बसणे मला होत नाही.

कच्च्या कागदांवर पेन्सिलीने मी ते वाक्य आधी साधेच लिहिले होते. बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. असेच, याच शब्दांत. खाली दोन रेघाही मारल्या होत्या, कारण हे सर्वांत महत्त्वाचे, हे माझ्या ध्यानात आले होते. मग वहीत उतरवताना माझा हात थांबला. चार बायका, दीर, सून बसलेली असणार, आणि मी तिथे पाटावर बसून मोठ्याने लघवी म्हणायचे, तुझ्या बसायच्या जागेचे नाव घ्यायचे. माझ्या वहीत ते शब्द शोभले नसते. मी रबराने ते वाक्य खोडले, आणि त्या जागी दुसरे घडवायला मला अख्खा दिवस लागला. घोड्याचे खोगीर मी फार कष्टाने शोधून काढले.

इंग्रजी अवघड होते हे खरे. पण सातव्या पानावरचे ते वाक्य मला पहिल्याच वाचनात समजले होते.